ओढलेल्या गाडीचा नंबर

प्रकाशाला तापीच्या पुलाजवळ सकाळचा तासभर उभं राहिलं, तर नुसत्या पाट्या वाचून तीन राज्यं फिरून होतात. एमएच 39 म्हणजे नंदुरबार, एमएच 18 धुळं, एमएच 19 जळगाव. मध्येच जीजे 05 सुरतची, जीजे 26 तापी जिल्ह्याची, एमपी 46 बडवानीची. यातल्या काही गाड्यांत मांडीवर कापडानं बांधलेला अस्थिकलश धरून बसलेलं माणूस दिसतं. तापी-गोमाईच्या संगमामुळे या गावाला दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर ही इथली देवळं. उत्तरेतली काशी करून आलेल्यानंही प्रकाशाला यावं, तेव्हा यात्रा पुरी होते, अशी खानदेशात श्रद्धा आहे. त्याच रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जातात, पपईनं भरलेल्या पिकअप जातात, शहाद्याच्या बाजाराला निघालेल्या मोटरसायकली जातात. गाडी कुणाची हे ओळखायची इथली पहिली खूण पाटीच. ‘कुठली पासिंग आहे?’ एवढं विचारलं की गाडीचं गाव कळतं.

पाटीच्या या दोन अक्षरांना आणि दोन आकड्यांनाही इतिहास आहे. 1988 चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला आणि राज्याची दोन अक्षरं, मग कार्यालयाचा क्रमांक, ही आजची पद्धत रूढ झाली. बरोबर नऊ वर्षांनी, 1 जुलै 1998 रोजी, धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. म्हणून शहादा-तळोद्याकडच्या त्या आधीच्या गाड्यांवर एमएच 18 आढळायचं. जिल्हा बदलला, तालुक्याचं मुख्यालय बदललं नाही, मालकही तोच. पण गाडीला जन्मतः मिळालेला नंबर तिनं सोडला नाही. पुढचं सगळं समजून घ्यायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपल्या कायद्यात नंबर गाडीला दिलेला असतो, माणसाला नाही.

मग हप्ते थकले आणि फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली, तर पाटीचं काय होतं?

साधं उत्तर असं की पाटी गाडीबरोबर जाते. अवघड भाग त्याच्यानंतर सुरू होतो. पाटी यार्डात गेली तरी त्या नंबरापुढे आरटीओच्या नोंदीत नाव राहतं ते कर्जदाराचंच. गाडी अंगणात नाही, चावी हातात नाही, पण कायद्याच्या कागदावर मालक तोच. हे अंतर काही दिवसांचं असू शकतं, काही महिन्यांचं असू शकतं, आणि कुणी लक्षच घातलं नाही तर काही वर्षांचंही. प्रकाशासारख्या गावातल्या माणसाला गाडी गेल्याचं दुःख इतकं मोठं असतं की मागे राहिलेल्या नंबराकडे त्याचं लक्ष जात नाही. तिथेच तो अडकतो.

परदेशात सगळीकडे असं नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथे गाडी विकली की पाट्या काढून घ्यायच्या आणि त्या राज्याच्या मोटार वाहन खात्याकडे परत करायच्या, असा नियम आहे. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये विमा बंद करायच्या आधी पाट्या जमा कराव्या लागतात. तिथली पाटी मालकाच्या नावाशी बांधलेली. गाडी गेली तरी पाटीची जबाबदारी माणसाकडे उरते. त्यामुळे तिकडे कर्जापायी गाडी उचलली गेली तर ‘माझ्या पाट्या परत द्या’ हा रास्त प्रश्न ठरतो. इकडे कुणी रागाच्या भरात पाटी उचकटून घरी ठेवली, तर उपयोग शून्य. उलट नंबराविना गाडी रस्त्यावर आली की तो वेगळा गुन्हा, आणि कागदावरचं नाव पुन्हा त्याचंच.

ती पाटी एकदा जवळून पाहण्यासारखी आहे. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी लावूनच द्यायची आणि त्याआधीच्या जुन्या गाड्यांनाही ती बसवायची, असं ठरलं. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांसाठीची 31 मार्च 2025 ची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. दुचाकी आणि ट्रॅक्टरला 450 रुपये, तीनचाकीला 500, बाकीच्या गाड्यांना 745, वर जीएसटी, असा दर होता. चारचाकीची लांब पाटी 500 मिलिमीटर बाय 120 ची, ॲल्युमिनियमची. डाव्या कोपऱ्यात 20 बाय 20 मिलिमीटरचं क्रोमियमचं अशोकचक्र, पाटी हलवली की त्यावर उजेड सरकतो. त्याच्या खाली निळी ‘आयएनडी’ ही अक्षरं. आणखी खाली, बोट फिरवलं तर जाणवेल न जाणवेल असा, लेझरनं कोरलेला 10 अंकांचा क्रमांक. तो प्रत्येक पाटीचा वेगळा. आकडे-अक्षरांवरच्या चकाकत्या थरात तिरपं ‘इंडिया’ छापलेलं असतं. पाटी बसते स्क्रूनं नाही, एकदाच लागणाऱ्या कुलपी खिळ्यानं. तो काढायचा म्हणजे तोडावाच लागतो. पुढच्या काचेवर आतून एक स्टिकर, डिझेलला नारिंगी, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा. त्यावर नंबर, इंजिन आणि चासीचे तपशील. एवढी सगळी कारागिरी एकाच कामासाठी केली आहे: हा नंबर या गाडीपासून सुटू नये.

गाडी आणि नंबर यांची गाठ राज्यानं इतकी पक्की केली. नंबर आणि माणूस यांची गाठ सोडवायची मात्र अजून कागदानंच, आणि तो कागद कुणीतरी हातानं पुढे न्यावा लागतो.

गाड्या थकतात कशा, हे शहादा तालुक्यात राहणाऱ्याला सांगायला नको. इथलं पीक म्हणजे ऊस, केळी, पपई, कापूस. पैसा हंगामानं येतो. ऊस कारखान्याला गेल्यावर 14 दिवसांत पैसे द्यायचे, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात त्याची वाट पाहावी लागते हे शेतकरी जाणतो. पपईवर विषाणू आला की बाग उभ्याउभी जाते, आणि दरावरून व्यापाऱ्यांशी वाद झाला की तोडच थांबते. हप्ता मात्र पीक पाहत नाही. ट्रॅक्टरला सहा महिन्यांचा हप्ता तरी मिळतो, पिकअप आणि मोटरसायकलीला महिन्याची तारीख. पपईची तोड थांबली की पिकअप दारात उभी राहते, कारण ती भरायला माल नाही. आणि हप्ता तर त्या मालाच्या भाड्यातूनच जायचा असतो. बँकेच्या हिशेबात 90 दिवसांहून जास्त थकलं की खातं अनुत्पादक. मग फोन, मग घरी माणसं, मग एक दिवस रस्त्यात गाडी अडवून चावी मागितली जाते.

गावात याला जप्ती म्हणत नाहीत. ‘गाडी ओढली’ म्हणतात. ओढणारे ते ‘सीझर’. त्यांच्या मोबाइलमध्ये थकलेल्या गाड्यांच्या नंबरांची यादी असते आणि नाक्यावर, पेट्रोल पंपावर, लग्नाच्या मांडवाबाहेर उभ्या गाड्यांच्या पाट्या त्या यादीशी ताडून पाहायच्या, हे त्यांचं काम. म्हणजे गाडी सापडते तीही पाटीवरूनच.

या ओढण्याला कायद्याच्या चौकटी आहेत. 26 फेब्रुवारी 2007 रोजी आयसीआयसीआय बँक पक्षकार असलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं भाडोत्री बळाचा वापर करून गाड्या उचलण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. वसुली कायद्याच्या मार्गानंच व्हावी, असं बजावलं. 2011 मध्ये सिटीकॉर्प मारुती फायनान्सच्या प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं गेलं. त्याच वेळी न्यायालयानं कर्ज देणाऱ्याचा हक्कही नाकारलेला नाही. 1 ऑक्टोबर 2020 च्या मॅग्मा फिनकॉर्पच्या निकालात, करारात तशी तरतूद असेल तर हप्ते थकल्यावर वित्तसंस्था गाडी ताब्यात घेऊ शकते, हे मान्य झालं. प्रश्न घेण्याचा नाही, कसं घेतलं याचा आहे.

ते ‘कसं’ किती महाग पडू शकतं, हे सप्टेंबर 2022 मध्ये झारखंडच्या हजारीबाग जिल्ह्यात दिसलं. महिंद्रा फायनान्सच्या थकलेल्या कर्जापायी एका अपंग शेतकऱ्याचा ट्रॅक्टर न्यायला माणसं आली. शेतकऱ्याची गरोदर मुलगी अडवायला पुढे झाली आणि त्याच ट्रॅक्टरखाली चिरडून मरण पावली. 22 सप्टेंबर 2022 रोजी रिझर्व्ह बँकेनं त्या कंपनीला बाहेरच्या एजंटांकडून वसुली आणि गाड्या ताब्यात घेण्याचं काम थांबवायला सांगितलं. ही बंदी 4 जानेवारी 2023 ला उठली. तापीच्या खोऱ्यातल्या कुठल्याही गावात ट्रॅक्टर हे घरातलं सर्वांत मोठं कर्ज असतं. म्हणून ती बातमी इथे दूरची वाटायचं कारण नाही.

रिझर्व्ह बँकेनं वित्तसंस्थांना घालून दिलेल्या न्याय्य व्यवहार संहितेत हे स्पष्ट आहे की ताबा घेण्याच्या अटी करारातच लिहिलेल्या असाव्यात: आधी किती दिवसांची नोटीस, ती कधी माफ होईल, ताबा कसा घेणार, विक्रीआधी कर्जदाराला पैसे भरायची शेवटची संधी, पैसे भरले तर गाडी परत कशी देणार, आणि लिलाव कसा होणार. वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, हे 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात आहे. करारावर सही करताना ही पानं सहसा कुणी वाचत नाही. शोरूममध्ये नव्या गाडीला हार घातलेला असतो, पेढे वाटले जात असतात, आणि एजंट बोट ठेवेल तिथे सही होते.

आता मुद्द्याच्या गाठीकडे. गाडी यार्डात आहे, तिचा मालक कोण?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(30) मध्ये ‘मालक’ या शब्दाची व्याख्या आहे. ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली तो मालक. पण गाडी भाडेखरेदीवर, लीजवर किंवा कर्जावर तारण असेल, तर त्या करारानुसार ज्याच्या ताब्यात गाडी तो मालक. याच व्याख्येच्या आधारे डिसेंबर 2014 मध्ये एचडीएफसी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गाडी कर्जदाराच्या ताब्यात असताना झालेल्या अपघाताची भरपाई बँकेकडून मागता येणार नाही. 2008 च्या गोदावरी फायनान्स प्रकरणातही हाच धागा होता: वित्तसंस्थेच्या ताब्यात आणि नियंत्रणात गाडी नव्हती, म्हणून तिच्यावर जबाबदारी नाही. या दोन्ही निकालांतलं वजन ‘ताबा’ या एका शब्दावर आहे. तोच शब्द कर्जदाराच्याही कामाचा. गाडी त्याच्याकडून निघून वित्तसंस्थेच्या ताब्यात गेली ती तारीख आणि ती वेळ त्याला दाखवता आली, तर पुढच्या अपघाताबद्दल त्याला बोलायला जागा आहे. दाखवता आली नाही, तर समोर फक्त आरसी बुक उरतं, आणि आरसीवर त्याचं नाव.

नुसतं नाव राहिलं तर काय होतं, ते 6 फेब्रुवारी 2018 च्या निकालात उघड झालं. हे प्रकरण कर्जाचं नव्हतं, पण धडा तोच. एका मारुती मोटारीच्या नोंदणीकृत मालकानं 2007 मध्ये गाडी विकली. नाव बदललं नाही. गाडी दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली, पुढे आणखी एका हाती गेल्याचं सांगितलं गेलं. मे 2009 मध्ये मागे घेताना अपघात झाला आणि एका मुलाचा जीव गेला. गाडी विकून जवळपास दोन वर्षं झालेल्या त्या पहिल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयानं जबाबदार धरलं. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालाचं तत्त्व असं की अपघातग्रस्ताला विक्रीच्या साखळीतली एकेक कडी शोधत फिरायला लावणं हा कायद्याचा हेतू असू शकत नाही. नोंदीत ज्याचं नाव, त्याला मालक मानायचं. अपघातात माणूस गमावलेल्या घराच्या बाजूनं पाहिलं तर हा निकाल अगदी न्यायाचा आहे. आरसीवर नाव तसंच ठेवून गाडी सोडणाऱ्यासाठी तो धोक्याची घंटा आहे.

मग सोडवणूक कायद्यात आहे का? आहे, आणि चांगली आहे. कलम 51 कर्जावरच्या गाड्यांसाठीच लिहिलेलं. कर्ज घेताना फॉर्म 34 भरून आरसीवर बोजा चढतो, कर्ज फिटल्यावर फॉर्म 35 नं तो उतरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कलमाचं पाचवं पोटकलम फारसं कुणाच्या तोंडी नाही. हप्ते थकल्यामुळे गाडी ताब्यात घेतली आणि नोंदणीकृत मालक आरसी द्यायला तयार नाही किंवा सापडत नाही, असं वित्तसंस्थेनं आरटीओला पटवून दिलं, तर आरटीओ मालकाला म्हणणं मांडायची संधी देऊन जुनी आरसी रद्द करू शकतो आणि वित्तसंस्थेच्या नावानं नवी आरसी देऊ शकतो. वित्तसंस्थेचा अर्ज म्हणजे फॉर्म 36. आरसी जमा करायला सांगणारी, मालकाला रजिस्टर पोस्टानं जाणारी नोटीस म्हणजे फॉर्म 37. नंबर तोच राहतो, पाटी तीच राहते. फक्त नंबरामागचं नाव बदलतं. गाडी ओढल्यावर पाटीचं काय करायचं, याचं आपल्या कायद्यातलं नेमकं उत्तर हेच आहे.

अडचण अशी की हा रस्ता लांबचा आहे. आरटीओत फी भरायची, नोटिशीची वाट पाहायची, नाव आपल्याकडे घ्यायचं आणि मग पुन्हा विकायचं. त्यापेक्षा जवळचा रस्ता म्हणजे गाडी थेट लिलावाला काढायची, ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ या बोलीवर, आणि घेणाऱ्याच्या हाती विक्रीपत्र, फॉर्म 36, टीटी फॉर्म असा कागदांचा गठ्ठा द्यायचा. टीटी फॉर्म म्हणजे नाव बदलाचे 29 आणि 30 नंबरचे अर्ज. कोरे फॉर्म कर्ज देतानाच सही करून घेतलेले असले, तर कर्जदाराला विचारायचीही गरज उरत नाही. घेणाऱ्यानं ते लगेच आरटीओत नेले तर काही बिघडत नाही. पण घेणारा पुष्कळदा स्वतः चालवायला घेत नाही, पुढे विकायलाच घेतो. मग फॉर्म त्याच्या कपाटात राहतात आणि गाडी तिसऱ्याच्या दारात.

प्रकाशाच्या मातीला थरांची ओळख आहे. 1955 मध्ये पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी इथल्या टेकाडाचं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्त्या एकावर एक रचलेल्या सापडल्या. कुठली वस्ती कुणावर, हे थरांवरून वाचता आलं. गाडीची सरकारी नोंद ही अशीच थरांची वही असायला हवी: पहिला मालक, मग वित्तसंस्था, मग लिलावात घेणारा. ओढलेल्या गाडीच्या नोंदीत मधले थर गाळले जातात. यार्डातले सहा महिने तिथे दिसत नाहीत, दलालाकडचे चार महिने दिसत नाहीत. त्या न दिसणाऱ्या महिन्यांत जे काही घडेल, ते सगळ्यात वरच्या दिसणाऱ्या नावावर येऊन पडतं.

एक उदाहरण धरून चालू. प्रकाशातल्या एका घराची पिकअप जूनमध्ये ओढली गेली. घरातल्यांनी रडून घेतलं, देणं बाकी आहे का तेही कळलं नाही, मुलगा सुरतेला कामाला गेला. दिवाळीच्या सुमारास वडिलांच्या मोबाइलवर मेसेज येतो: अमुक नंबरच्या गाडीनं अमुक ठिकाणी वेगमर्यादा ओलांडली, दंड भरा. मेसेज आरसीशी जोडलेल्या मोबाइलवर येतो, म्हणून वडिलांना. पहिल्यांदा वाटतं, कुणीतरी फसवतंय. दुसरा येतो, तिसरा येतो. सगळ्यात वाईट कल्पना अशी की पुढचा कागद दंडाचा नसून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा असेल, आणि त्या दिवशी गाडीचा विमा संपलेला असेल. विम्याचा हप्ता भरायची जबाबदारी यार्डात पडलेल्या गाडीबाबत कुणाच्याच डोक्यात नसते. विमा नसेल तर भरपाई खिशातून, आणि शोधला जातो तो आरसीवरचा खिसा.

म्हणून गाडी नेतात त्या दिवशी, भांडण कितीही झालेलं असो, ताबापावती मागायलाच हवी. तिच्यावर तारीख आणि घड्याळातली वेळ, ठिकाण, किलोमीटरचा काटा, टायर-बॅटरीची अवस्था, गाडीतल्या सामानाची यादी, नेणाऱ्याचं नाव आणि कंपनीचं अधिकारपत्र. पावती देत नसतील तर मोबाइलमध्ये पाटीसकट गाडीचा फोटो. त्यावर वेळ आपोआप नोंदवली जाते. ताडपत्री, दोर, हिशेबाची वही, देवाचा फोटो, हे सामान कर्जात तारण दिलेलं नसतं, ते परत मागता येतं. पोलीस ठाण्यातही एक पत्र द्यावं. प्रकाशाला शहादा पोलीस ठाणं लागतं. कंपन्या स्वतःही ताबा घेण्याआधी आणि नंतर पोलिसांना कळवतात, कारण मालकानं गाडी चोरीला गेल्याची तक्रार दिली तर पंचाईत व्हायला नको. मग त्या पत्राची पोच आपल्याकडेही का नसावी?

त्यानंतरचं पत्र नंदुरबारच्या आरटीओला. गाडी अमुक तारखेला अमुक संस्थेनं ताब्यात घेतली, कलम 51 खाली त्यांच्या नावावर नोंद व्हावी, मध्ये कुणाच्या नावावर करायची असेल तर मला नोटीस द्यावी, एवढं लिहिलं तरी पुरे. रजिस्टर पोस्टानं पाठवलं की पोच हाती राहते. वित्तसंस्थेलाही तेच पत्र, आणि त्यात लिलावाच्या हिशेबाची मागणी: गाडी कितीला गेली, देणं किती वजा झालं, काही उरतं का. गाडी देण्यापेक्षा कमी किमतीला गेली तर बाकी कर्जदाराच्या मागे राहते. जास्तीला गेली तर वरचा पैसा त्याचा. विमा कंपनीला कळवावं. फास्टॅग असेल तर बँकेत सांगून बंद करावा, नाहीतर दुसऱ्याच्या टोलचे पैसे आपल्या खात्यातून कापले जातील. दंडाचा मेसेज आलाच, तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवता येते, आणि त्या तक्रारीला जोडायला ताबापावती लागते. सगळं पुन्हा त्या एका कागदावर येतं.

व्यावसायिक गाडीच्या करावरून एक निकाल आठवणीत ठेवण्यासारखा आहे. 22 फेब्रुवारी 2022 रोजी महिंद्रा अँड महिंद्रा फायनान्शियल सर्व्हिसेस आणि उत्तर प्रदेश सरकार यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गाडी ताब्यात घेतल्याच्या तारखेपासून तिचा कर भरायची जबाबदारी वित्तसंस्थेची. निकाल उत्तर प्रदेशच्या कर कायद्यावरचा आहे, महाराष्ट्राचा कायदा वेगळा. तरी त्यातला विचार सरळ आहे: ताबा घेतला की त्याबरोबरची जबाबदारीही घ्यावी. हाच विचार आरसीला का लागू नये? ताबा घेतल्यापासून ठरावीक दिवसांत फॉर्म 36 भरणं वित्तसंस्थेला सक्तीचं केलं, तर हजारो घरांमागचा घोर कमी होईल. विक्री झाली तर राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आणि परराज्यात 45 दिवसांत कळवायचं बंधन कलम 50 मध्ये विकणाऱ्यावर आहेच. ओढून नेणाऱ्यावर तितकंच स्पष्ट बंधन घालायला काय हरकत आहे?

लिलावातली गाडी घेणाराही याच भागातला शेतकरी असतो. नवा ट्रॅक्टर परवडत नाही, यार्डातला चांगला मिळाला तर नांगरणीचं निभतं. त्यानं पाटीवरचा नंबर पाहून थांबू नये. चासीवर ठोकलेला नंबर वाकून, फडक्यानं वंगण पुसून वाचावा आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा. पाटीचा खिळा तोडलेला तर नाही, चक्र आणि लेझरचा क्रमांक जागेवर आहे की नाही, हेही पाहावं. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते, तिचे कागद वेगळे मागावेत. बोजा उतरल्याचा फॉर्म 35 आणि संस्थेचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नयेत. आणि पहिल्याच आठवड्यात नाव आपल्यावर करून घ्यावं. स्वतःसाठी, आणि ज्याची गाडी गेली त्या अनोळखी माणसासाठीही.

त्या अनोळखी माणसाला आपलं नाव सुटलं की नाही हे कळायला हल्ली नंदुरबारला जावं लागत नाही. गावातल्या सेवा केंद्रात परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की गाडीची माहिती उघडते: कुठल्या कार्यालयाची, कुठल्या बनावटीची, विमा कधीपर्यंत, कर्ज कुणाचं. मालकाचं नाव मात्र पूर्ण दिसत नाही. खासगीपणासाठी मधली अक्षरं झाकून त्या जागी फुल्या येतात. काउंटरपलीकडचा पोरगा स्क्रीन वळवून दाखवतो. चष्मा पुसून, पुढे वाकून, पाटीचा तोच तोंडपाठ नंबर पुन्हा एकदा म्हणून, माणूस पहिलं अक्षर पाहतो, शेवटचं पाहतो, आणि मधल्या फुल्या बोटानं मोजत आपल्या नावाची अक्षरं त्यांत बसतात का ते बघतो.